धावपट्टी खरी कोणती? फ्लाइट सिम्युलेटरच्या उड्डाण नियोजनातील चुका अशा शोधाव्यात

प्रतिनिधी, वर्धा

वर्धा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. येथून सर्वांत जवळचा विमानतळ म्हणजे नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. वर्धा मार्गालगत सोनेगाव येथे असलेला हा विमानतळ शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटरच्या साहाय्याने विमान चालविण्याचा छंद असलेल्यांनाही म्हणूनच आपल्या आभासी उड्डाणाचा आरंभ बहुधा नागपूरपासून करावा लागतो. मात्र विमान आकाशात झेपावण्यापूर्वीच अनेकांची गाडी अडते. उड्डाण नियोजनाचे सॉफ्टवेअर 'धावपट्टी सापडत नाही' असा संदेश देते, कधी सिम्युलेटरमध्ये दिसणारा धावपट्टीचा क्रमांक नियोजनाच्या कागदावरील क्रमांकाशी जुळत नाही, तर कधी लांबीच्या आकड्यांत शेकडो मीटरची तफावत आढळते. अशा वेळी सॉफ्टवेअर काढून टाकून ते नव्याने बसविण्याकडे बहुतेकांचा कल असतो. वस्तुतः त्याची क्वचितच आवश्यकता असते. चूक नेमकी कोठे आहे हे ओळखण्याची पद्धत ठाऊक असेल, तर बहुतेक तक्रारी अल्पावधीत दूर होतात.

माहितीचे तीन साठे

ग्रामीण भागात जमिनीच्या व्यवहारात नेहमी येणारा एक अनुभव आहे. सातबाऱ्यावर एक क्षेत्र लिहिलेले असते, मोजणीच्या नकाशात दुसरे आणि प्रत्यक्ष बांधावर तिसरेच भरते. सिम्युलेटरमधील धावपट्टीचेही असेच असते. तिची माहिती एका ठिकाणी नसून तीन ठिकाणी साठविलेली असते.

पहिला साठा सिम्युलेटरच्या स्वतःच्या दृश्य माहितीचा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन, प्रीपार-थ्रीडी, फ्लाइटगिअर अशा प्रत्येक सिम्युलेटरमध्ये विमानतळांची नोंद असलेल्या फायली असतात. पडद्यावर दिसणारी आणि विमानाची चाके जिच्यावर टेकतात ती धावपट्टी या साठ्यातून येते.

दुसरा साठा उड्डाण नियोजनाच्या सॉफ्टवेअरचा. लिटल नॅव्हमॅपसारखे सॉफ्टवेअर सिम्युलेटरच्या फायली वाचून त्यांची स्वतंत्र सूची तयार करते आणि पुढे त्या सूचीवरूनच काम करते. सूची तयार झाल्यानंतर सिम्युलेटरमध्ये नवा विमानतळ बसविला, तरी सूची पुन्हा तयार केल्याशिवाय नियोजनाच्या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता लागत नाही.

तिसरा साठा दिशादर्शनाच्या माहितीचा. नॅव्हिग्राफसारख्या संस्था प्रत्यक्ष विमान वाहतुकीच्या अधिकृत माहितीवर आधारित नोंदी छंदिष्टांसाठी पुरवितात. सिमब्रीफ ही नियोजन सेवा अशाच नोंदींवर चालते. सिम्युलेटरच्या पडद्यावर धावपट्टी कशी दिसते याच्याशी या साठ्याचा संबंध नसतो.

हे तीनही साठे वेगवेगळ्या तारखांचे असू शकतात, आणि धावपट्टीविषयीच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ याच एका गोष्टीत असते. म्हणूनच 'धावपट्टी चुकली आहे' असे म्हणण्यापूर्वी कोणता साठा कोणत्या साठ्याशी जुळत नाही आणि दोघांच्या तारखा काय, हे पाहावे.

चूक की जुनी नोंद?

जगभरातील विमानतळांच्या माहितीतील महत्त्वाचे बदल एका ठरावीक वेळापत्रकानुसार अमलात येतात. त्याला 'एआयरॅक' असे म्हणतात. दर २८ दिवसांनी, गुरुवारी, नवे आवर्तन सुरू होते. वर्षात साधारणतः अशी १३ आवर्तने होतात. आवर्तनाच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन वर्षाचे व पुढचे दोन अनुक्रमाचे असतात. उदाहरणार्थ, २६०१ हे २०२६ सालचे पहिले आवर्तन असून ते २२ जानेवारी २०२६ रोजी सुरू झाले. नियोजनाचे सॉफ्टवेअर उघडताच हा आकडा पाहण्याची सवय लावून घ्यावी. लिटल नॅव्हमॅपसोबत विनामूल्य मिणारा दिशादर्शनाचा साठा जुन्या आवर्तनाचा असतो. सिमब्रीफच्या विनाशुल्क वापरकर्त्यांनाही चालू आवर्तन मिळत नाही.

सिम्युलेटरचा स्वतःचा साठा तर त्याहूनही जुना असू शकतो. मायक्रोसॉफ्टचे एफएसएक्स २००६ साली बाजारात आले आणि ते आजही अनेकांच्या संगणकांवर आहे. त्याच्या मूळ आवृत्तीत १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेला शिर्डी विमानतळ किंवा ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेला सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ आजच्या रूपात कसा असणार? ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या नव्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरनंतरही चित्र बदलत राहिले आहे. गोव्यातील मोपा येथून ५ जानेवारी २०२३ रोजी विमाने उडू लागली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथे प्रवासी वाहतूक सुरू झाली. 'व्हीएएनएम' हे नवी मुंबईचे सांकेतिक नाव जुन्या सूचीत आढळले नाही, तर तो सॉफ्टवेअरमधील बिघाड समजू नये.

सांकेतिक नावांचा घोळ

विमानतळांना दोन प्रकारची सांकेतिक नावे असतात. तिकिटावर छापली जाणारी तीन अक्षरे प्रवाशांच्या परिचयाची असतात. उड्डाण नियोजनात मात्र आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेची, म्हणजेच इकाओची, चार अक्षरे वापरतात. नागपूरचे तिकिटावरील नाव 'एनएजी', तर नियोजनातील नाव 'व्हीएएनपी' असे आहे.

या दोहोंची गल्लत सर्वाधिक त्रास देते ती शहराचा विमानतळ बदलल्यावर. हैदराबादची वाहतूक मार्च २००८ मध्ये बेगमपेठहून शमशाबादला गेली, तर बंगळुरूची त्याच वर्षी मे महिन्यात एचएएल विमानतळावरून देवनहळ्ळीला. तिकिटावरील तीन अक्षरे नव्या विमानतळांकडे आली. चार अक्षरे मात्र बदलली. बेगमपेठ 'व्हीओएचवाय' आहे, तर शमशाबाद 'व्हीओएचएस'. जुना एचएएल 'व्हीओबीजी' आहे, तर नवा विमानतळ 'व्हीओबीएल'. त्यामुळे तीन अक्षरांवरून शोध घेतल्यास जुन्या सिम्युलेटरमध्ये विमान शहराच्या भलत्याच बाजूच्या धावपट्टीवर उभे राहते. शोध नेहमी चार अक्षरांवरून घ्यावा आणि नकाशावर जागा पाहून खात्री करावी.

क्रमांक आणि दिशा

धावपट्टीचा क्रमांक तिच्या चुंबकीय दिशेवरून ठरतो. होकायंत्रावरील अंश जवळच्या दहापर्यंत आणून शेवटचे शून्य काढून टाकले की क्रमांक मिळतो. नागपूरच्या धावपट्टीचे एक टोक १४ व दुसरे ३२, म्हणजे दिशा साधारण १४० व ३२० अंश. दोन टोकांच्या क्रमांकांत नेहमी १८ चा फरक असतो. तो आढळला नाही, तर नोंद निश्चितच सदोष आहे.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकत असल्याने काही विमानतळांना क्रमांक बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड येथील ०५/२३ ही धावपट्टी २००९ मध्ये ०४/२२ झाली. अमेरिकेतील टॅम्पा येथेही २०११ मध्ये १८ चे १९ करण्यात आले. जुन्या सिम्युलेटरमधील चुंबकीय विचलनाचा तक्ता त्याच्या निर्मितीकाळातील असतो. त्यामुळे अशा विमानतळांवर क्रमांक व होकायंत्र यांचा मेळ बसत नाही.

महाराष्ट्रात मात्र भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील फरक एका अंशाच्या आसपास, म्हणजे नगण्य आहे. तेव्हा राज्यातील विमानतळावर क्रमांक चुकलेला दिसला, तर पहिला संशय चुंबकीय विचलनावर न घेता नोंदीवर किंवा दुहेरी फायलींवर घ्यावा.

क्रमांक बदलण्याचे दुसरे कारण समांतर धावपट्टी हे होय. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर जुलै २०२३ मध्ये चौथी धावपट्टी सुरू झाली. ती पूर्वीच्या ११/२९ ला समांतर असल्याने जुनीला '११ एल/२९ आर' आणि नवीला '११ आर/२९ एल' अशी ओळख मिळाली. नियोजन नव्या आवर्तनाचे आणि सिम्युलेटर जुना असेल, तर नियोजनातील '११ एल' सिम्युलेटरला उमगत नाही. धावपट्टी जागेवरच असते, बदललेले असते ते तिचे नाव.

लांबीचे आकडे

लांबीतील तफावत दिसताच प्रथम एकक तपासावे. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर, म्हणजे सुमारे १०,५०० फूट आहे. ३,२०० हा आकडा फुटांचा समजला गेला, तर धावपट्टी जेमतेम ९७५ मीटरची ठरते आणि कोणतेही जेट विमान तेथून उडू शकत नाही असा निष्कर्ष सॉफ्टवेअर काढते. दोन आकड्यांचे गुणोत्तर ३.२८ च्या जवळ आले, की मीटर व फूट यांची गल्लत झाली असे निःशंक समजावे.

दोन्ही आकडे बरोबर असूनही ते वेगळे असण्याची शक्यता असते. अनेक धावपट्ट्यांवर विमान उतरण्याची आरंभरेषा टोकापासून आत सरकवलेली असते. तिच्या अलीकडचा भाग उड्डाणासाठी वापरता येतो, पण त्यावर विमान टेकविता येत नाही. म्हणून अधिकृत कागदपत्रांत उड्डाणासाठी उपलब्ध लांबी आणि उतरण्यासाठी उपलब्ध लांबी वेगवेगळी दिलेली असते. एका सॉफ्टवेअरने पहिली घेतली आणि दुसऱ्याने दुसरी, तर तफावत दिसणारच.

तिसरी शक्यता धावपट्टी खरोखरच वाढल्याची. शेजारच्या अमरावतीचे उदाहरण ताजे आहे. बेलोरा येथील धावपट्टी १,३७२ मीटरवरून १,८५० मीटरपर्यंत वाढविण्यात आली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी तेथून मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. जुन्या साठ्यात या विमानतळाची जुनीच लांबी असेल, तर एटीआर विमानाचे नियोजन करताना सॉफ्टवेअर इशारे देत राहील.

विदर्भात या आकड्यांना विशेष महत्त्व आहे. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर, म्हणजे १,०३३ फूट उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने तीच धावपट्टी जवळजवळ पाच हजार फूट उंचीवरील धावपट्टीसारखी वागते. उड्डाणासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. अशा दिवशी लांबीच्या आकड्यातील काहीशे मीटरची चूक संपूर्ण हिशेब उलटवू शकते.

जागा आणि उंची

कधी नकाशावर धावपट्टी शेतात दिसते. सिम्युलेटर धावपट्टीची जागा कशी नोंदवतात हे समजले, तर कारण लक्षात येते. एक्स-प्लेनमध्ये दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात आणि लांबी त्यांवरूनच निघते. एफएसएक्समध्ये मध्यबिंदू, दिशा, लांबी व क्रमांक यांच्या स्वतंत्र नोंदी असतात. म्हणजे एफएसएक्सच्या फायलीत दिशा बरोबर आणि क्रमांक चुकीचा असे होऊ शकते. एक्स-प्लेनमध्ये एका टोकाच्या अंशातील तिसरा दशांश एकने चुकला, तर ते टोक उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे १११ मीटर आणि नागपूरच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे १०४ मीटर सरकते.

अंश-मिनिटे-सेकंद आणि दशांश अंश यांची सरमिसळ हा आणखी एक नेहमीचा दोष. नागपूर विमानतळाचा अक्षांश सुमारे २१ अंश ५ मिनिटे ३० सेकंद आहे. दशांशात तो २१.०९१७ होतो. घाईत तो २१.०५३० असा लिहिला, तर विमानतळ चार किलोमीटरहून अधिक दक्षिणेला जातो.

उंचीतही मीटर-फुटांचा घोटाळा संभवतो. ३१५ हा आकडा फूट समजून उतरण्याचे नियोजन केले, तर सॉफ्टवेअर विमानाला जमिनीच्या सातशेहून अधिक फूट खाली नेऊ पाहते. विमान धावपट्टीवर तरंगताना किंवा तिच्यात रुतलेले दिसले, तर मात्र दोन दृश्य फायली किंवा भूपृष्ठाची वेगळी फाईल एकमेकींवर आल्याचे समजावे.

तपासाचा क्रम

कोणताही बदल करण्यापूर्वी पुढील क्रमाने जावे.

१. तक्रार लिहून काढावी. विमानतळ नाही, धावपट्टी नाही, क्रमांक वेगळा, लांबी वेगळी की जागा वेगळी? एका वेळी एकच विमानतळ घ्यावा.

२. तीनही साठ्यांतील आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. प्रत्येकाची तारीख किंवा आवर्तन क्रमांक लिहावा.

३. नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य सिम्युलेटर निवडलेला आहे का, ते पाहावे. एकाच संगणकावर दोन सिम्युलेटर असल्यास भलत्याच सिम्युलेटरची सूची उघडलेली असण्याचा संभव असतो.

४. सूची पुन्हा तयार करावी. लिटल नॅव्हमॅपमध्ये 'लोड सीनरी लायब्ररी' ही आज्ञा त्यासाठीच आहे. निम्म्याहून अधिक तपास येथेच संपण्याची शक्यता असते.

५. दिशादर्शनाच्या साठ्याचा पर्याय तपासावा. लिटल नॅव्हमॅपमध्ये सर्व माहिती नॅव्हिग्राफकडून घेण्याचा पर्याय निवडला असेल, तर विमानतळही तेथूनच येतो आणि सिम्युलेटरमधील विमानतळाकडे पूर्ण दुर्लक्ष होते. केवळ दिशादर्शक साधने व मार्गपद्धती नॅव्हिग्राफकडून आणि विमानतळ सिम्युलेटरकडून, हा मिश्र पर्याय बहुतेकांना सोयीचा ठरतो.

६. दुहेरी फायली शोधाव्यात. एकाच विमानतळाच्या दोन फायली असल्यास अग्रक्रम ज्या फायलीचा, तिचीच धावपट्टी दिसते. एक्स-प्लेनमध्ये हा क्रम 'सीनरी पॅक्स' नावाच्या फायलीत ठरतो आणि वरची नोंद प्रबळ असते. एफएसएक्समध्ये तो सीनरी लायब्ररीच्या यादीत दिसतो. नव्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्ये 'कम्युनिटी' हा फोल्डर तात्पुरता रिकामा करून पाहावा. दोष नाहीसा झाला, तर तो बाहेरून आणलेल्या फायलीतच होता.

७. शेवटी अधिकृत माहितीशी ताडून पाहावे. भारतीय विमानतळ प्राधिकरण देशातील विमानतळांची माहिती 'एआयपी' या प्रकाशनाद्वारे देते आणि ती इंटरनेटवर पाहता येते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश, उंची आणि उपलब्ध लांब्या तेथे असतात. धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असणे यांसारखे तात्पुरते बदल 'नोटॅम' या सूचनांद्वारे कळविले जातात. सिम्युलेटरमध्ये ते उमटत नाहीत.

दोष सिम्युलेटरच्या मूळ फायलीतच असल्याचे सिद्ध झाले, तर तो सुधारताही येतो. एक्स-प्लेनसाठी 'वर्ल्ड एडिटर' हे विनामूल्य साधन आहे आणि केलेली सुधारणा 'सीनरी गेटवे'कडे पाठविल्यास ती पुढील आवृत्त्यांत सर्वांना उपलब्ध होऊ शकते. एफएसएक्ससाठी 'एअरपोर्ट डिझाइन एडिटर' वापरतात. मूळ फायलीची प्रत जपून ठेवल्याशिवाय मात्र या कामाला हात घालू नये. दुरुस्ती झाल्यावर सूची पुन्हा तयार करण्यास विसरू नये.

कोणाचे खरे मानावे?

तीनही साठे वेगळे बोलत असतील आणि दुरुस्ती करणे शक्य नसेल, तर निवड हेतूवर अवलंबून ठेवावी. आज संध्याकाळी सिम्युलेटरमध्ये उड्डाण पूर्ण करावयाचे असेल, तर सिम्युलेटरचा साठा प्रमाण मानावा, कारण चाके त्याच धावपट्टीवर टेकणार आहेत. नियोजनात तिचाच क्रमांक व तिचीच लांबी भरावी. अभ्यास हा हेतू असेल, तर एआयपी प्रमाण मानावे आणि सिम्युलेटरमधील फरक बाजूला टिपून ठेवावा. दोन्ही एकत्र मिसळून सोयीचे आकडे उचलणे मात्र टाळावे.

हा काटेकोरपणा केवळ छंदापुरता नाही. नागपूर फ्लाइंग क्लब किंवा गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरील प्रशिक्षण संस्था यांमुळे वैमानिक होण्याचे स्वप्न विदर्भातील तरुणांच्या आवाक्यात आले. त्यांतील अनेकांची पहिली ओळख सिम्युलेटरशी होते. घरच्या संगणकावरील तास परवान्यासाठी मोजले जात नाहीत, पण सवयी तेथेच जडतात.

धावपट्टीची खातरजमा न करण्याची किंमत किती मोठी असते, हे २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे दिसले. पहाटेच्या अंधारात कॉमएअरचे विमान ७,००३ फुटांच्या २२ क्रमांकाच्या धावपट्टीऐवजी ३,५०१ फुटांच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून धावू लागले आणि कोसळले. विमानातील ५० पैकी ४९ जण मृत्युमुखी पडले. दोन धावपट्ट्यांच्या दिशांत तब्बल चाळीस अंशांचा फरक होता. विमान योग्य धावपट्टीवर आहे याची उड्डाणापूर्वी पडताळणी झाली नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले.

धावपट्टीवर उभे राहिल्यावर समोर रंगविलेला क्रमांक, होकायंत्रावरील दिशा आणि नियोजनाच्या कागदावरील क्रमांक या तीन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहण्यास पाच सेकंदही लागत नाहीत. नागपूरच्या आभासी धावपट्टीवर १४ हा आकडा दिसत असताना होकायंत्र १४० च्या जवळपास नसेल, तर इंजिनाची शक्ती वाढवू नये. थांबावे आणि वरील क्रमाने तपासास लागावे.